अहवालातला एक खरा मुद्दा

नवऱ्यानं मुलीच्या ताब्यासाठी गोंदियाच्या कोर्टात अर्ज केला, तेव्हा मी दुसरीतल्या लेकीला घेऊन आमगावला भाड्याच्या खोलीत राहत होते, ब्लाउज शिवत होते. कोर्टानं घर पाहायला एक समुपदेशक मॅडम पाठवल्या. त्या आल्या तेव्हा मी गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेले होते. परतले तर त्या चपला घालत होत्या. मला त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

पुढच्या तारखेआधी माझ्या वकीलबाईंनी त्या मॅडमचा अहवाल वाचून दाखवला. मुलगी घरात एकटी आढळली. स्वयंपाक झालेला नव्हता. आई मारते, असं मुलीनं सांगितलं. ताबा वडिलांकडे देणं मुलीच्या हिताचं.

लेक एकटी नव्हती. घरमालकीण ओसरीत तांदूळ निवडत होती, लेक तिच्याजवळच होती. वरणभात झाकून ठेवलेला होता. घरमालकीण तसं लिहून द्यायला तयार झाली. पण तिसरा मुद्दा खरा होता. दिवाळीच्या घाईत लेकीनं गिऱ्हाइकाच्या कापडावर शाई सांडली आणि मी तिच्या गालावर मारलं. बोटं उठली होती.

"सब गलत है, इतनाच बोलना," वकीलबाई म्हणाल्या. हरकतीच्या अर्जात त्यांनी सगळेच मुद्दे नाकारले. मी सही केली.

त्या आठवड्यात मी लेकीशी धड बोलले नाही. शेवटी तिनंच विचारलं, "आई, तू माह्यावर रागावून राहिली काऊन? मी तं खरंच सांगतलं."

तारखेला मी उभी राहून नाव सांगितलं. न्यायाधीश साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मुलगी खोटं बोलली?"

वकीलबाईंनी 'हो म्हण' अशी मान हलवून खूण केली. नवरा समोरच बसला होता. हो म्हटलं असतं तर कदाचित सुटले असते.

"नाही साहेब. ती खरं बोलली. मी एकदा मारलं होतं. बाकीचं मात्र खरं नाही."

नवऱ्याचे वकील लगेच उठले. साहेब बराच वेळ लिहीत राहिले. लेक गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग त्यांनी सांगितलं, दुसरे अधिकारी पुन्हा घर पाहतील, तोवर मुलगी आईकडेच राहील.

तो महिना मी दारावर कुणी थाप मारली तरी दचकत होते. नव्या अधिकारी बाई आल्या, लेकीजवळ तासभर बसल्या, घरमालकिणीशी, शाळेतल्या बाईंशी बोलल्या. त्यांच्या अहवालातही ती थप्पड होतीच. सोबत ती मी स्वतः कबूल केल्याचंही होतं.

ताबा माझ्याकडे राहिला. दर दुसऱ्या रविवारी वडील तिला गोंदियाला नेतात. संध्याकाळी तिला परत आणणारी गाडी आमगावच्या फलाटावर उशिरा येते, तेव्हा मला बाकावर बसवत नाही.