तळ्याच्या काठावर थांबलेला माणूस

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं भणभणतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माशांच्या पायी जेवढा मनस्ताप झाला, तेवढा एकाही दरोडेखोराने दिला नाही.

तेव्हा मी मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. शनिवारी निम्मे कर्मचारी लोणावळा-कुसगावच्या वाहतूक बंदोबस्ताला गेलेले. अशा वेळी एक निर्यातदार ठाण्यात येऊन बसला. पवनेकडच्या शेततळ्यांत वाढवलेले शोभेचे रंगीत मासे तो परदेशी पाठवायचा. तिकडे एका तळ्यातला त्याचा माल रोगट ठरला आणि नष्ट झाला. इथल्या अहवालात मात्र तेच मासे ठणठणीत होते. अहवाल होता परंदवडीच्या एका खाजगी प्रयोगशाळेचा.

निर्यातीचे मासे तपासायला मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच लागते, हे मला त्या दिवशी कळलं. या प्रयोगशाळेची मान्यता तात्पुरती होती. कायमच्या मान्यतेसाठी पथक पाहणीला येणार होतं.

मी मत्स्य खात्याला फोन लावला. ते म्हणाले, निर्यात आमच्याकडे येत नाही. निर्यातवाले म्हणाले, तळी आमच्याकडे येत नाहीत. मान्यता देणाऱ्या पथकातले साहेब म्हणाले, "आधी तुमचा तपास होऊ द्या, मग आम्ही बघू." म्हणजे माशाच्या रोगाचं निदान पोलिसांनी करायचं. मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवून घेतला.

दोनच दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, लॅबचा मानूस तळ्यात उतरलाच न्हाई. त्येचं पाय सुदिक भिजलं न्हाईत." एवढं बोलून फोन बंद.

हा मुद्दा महत्त्वाचा होता. प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः पाण्यात उतरून, काठाला लागलेले, मंदावलेले मासे हेरून नमुना घ्यायचा, असा नियम आहे. रोग आधी त्यांच्यात दिसतो. तळ्याच्या मालकाने काढून दिलेला मासा नमुना म्हणून चालत नाही. अहवालावर तर 'नमुना स्वतः घेतला' असं सही करून लिहिलेलं होतं.

सही करणारा तरुण एम.एस्सी. झालेला होता. ज्या गावात ते तळं होतं, त्याच गावच्या बौद्ध कुटुंबातला. मी त्याला चौकशीला बोलावलं.

"मासे कोणी काढले?"

"मी काढले, साहेब."

"स्वतः पाण्यात उतरून?"

"हो."

फिरवून फिरवून विचारलं, तरी उत्तर तेच. पैसे खाल्लेला माणूस चौकशीत एकतर घामाघूम होतो, नाहीतर उद्धट होतो. हा नुसता थकल्यासारखा खाली बघत बसला होता. त्याच्या बँक खात्यात पगाराशिवाय काही नव्हतं. खोटं बोलतोय हे दिसत होतं, पण कशासाठी, हे काही कळेना. मी वैतागून टेबलावर हात आपटला. त्याने फक्त मान वर केली.

त्यात प्रयोगशाळेच्या मालकाचे रोज फोन. "साहेब, त्याला अटक करून टाका. पथक यायच्या आत झालं तर बरं. म्हणजे एकाच माणसाचं काम होतं, असं आम्हाला सांगता येईल." मान्यता वाचवायला माणूस आत घालायचा, तोही माझ्या हाताने. पण दुसरा काही खुलासा मिळाला नाही, तर मला त्याला अटक करावीच लागणार होती. त्याची नोकरी गेली असती, आणि अशा गुन्ह्यात नाव आल्यावर दुसऱ्या प्रयोगशाळेनेही त्याला दारात उभं केलं नसतं.

तळ्याच्या मालकाला सगळे आबा म्हणत. गावातले जुने जमीनदार, बोलायला मोकळे. "व्हय, आलता ना. घरात बसवला, च्या पाजला, मासं घिऊन गेला."

"मासे कोणी काढले?"

"आता ते कुटं ध्यानात ऱ्हातंय, साहेब?"

शेवटी मी दोन पंच आणि त्या तरुणाला घेऊन थेट तळ्यावर गेलो. आबा आणि त्यांचा मुलगा काठावर उभेच होते. मी तरुणाला म्हटलं, "त्या दिवशी जे केलंस, ते आत्ता करून दाखव."

त्याने बूट काढले, पँट दुमडली आणि जाळी हातात घेतली. एक पाय उचलला, तोच आबा पुढे झाले. "आरं थांब, थांब. तू कशाला भिजतूयास? पोरगं काढतंय की."

आबांचा आवाज अगदी प्रेमळ होता. तो तरुण पाय उचललेला तसाच थांबला. पंच दुसरीकडे बघू लागले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आबा, त्या दिवशीही असंच म्हणालात?"

"मग? पोरानं चांगलं टपोरं मासं काढून दिलं. सरकारी कामाला काय मरतुकडं द्यायचं?"

"आणि हा उतरला असता तर?"

आबा गोंधळले. "तसं काय न्हाई, साहेब. आमी तसलं काय पाळत न्हाई. आपलं आधीपास्नं चालत आलंय."

मी तरुणाला बाजूला घेतलं. "बाकीच्या तळ्यांत उतरतोस का?"

"उतरतो की. कामशेतपासून पवनेपर्यंत सगळीकडे."

"मग इथेच का नाही?"

"इथं माझं गाव आहे, साहेब."

तो खोटं का बोलला, ते मला आता कळलं. आबांनी थांबवलं होतं हे त्याने सांगितलं असतं, तर का थांबवलं, हेही सांगावं लागलं असतं. त्याचे आईवडील त्याच गावात राहत होते. म्हणून त्याने खोट्या अहवालावर सही केली आणि तुरुंगात जायची तयारी ठेवली. मला त्याचा राग आला, आबांचा आला, आणि मान फिरवणाऱ्या पंचांचा सगळ्यात जास्त आला. मी म्हटलं, "फिर्याद दे, आत्ता नोंदवतो."

"कशाची, साहेब? मला कोणी काही बोललं का?"

खरंच कोणी बोललं नव्हतं. कलमात बसेल असा एक शब्दही कुणाच्या तोंडून निघाला नव्हता.

मी त्याला पाण्यात उतरायला सांगितलं. या वेळी आबांनी अडवलं नाही. त्याने काठाला लागलेले मासे काढले. डोळे खोल गेलेले, कल्ल्यांवर पांढुरके चट्टे. नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले, रोग सापडला. तळ्यातले सगळे मासे नष्ट करावे लागले. फसवणुकीचा हेतू दिसत नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तरुणाची अटक टळली. सहीबद्दल प्रयोगशाळेने त्याला ताकीद दिली. तिच्या मालकाला मीच चार शब्द सुनावले होते, म्हणून नोकरी राहिली.

खोटं बोलणारा काहीतरी लपवतो, एवढं मला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. तो दुसऱ्याचा दोष लपवत असू शकतो, आणि त्या दुसऱ्याला तो दोष वाटतही नसतो, हे मी या प्रकरणात शिकलो. अशा गुन्ह्याचा पंचनामा कसा करायचा, ते मात्र मला निवृत्त होईपर्यंत जमलं नाही.

पुढे पथक आलं. माझा अहवाल वाचून त्यांनी प्रयोगशाळेला एक सुधारणा सुचवली: निष्पक्षतेसाठी कोणीही स्वतःच्या गावात नमुने घ्यायचे नाहीत. सुधारणा झाली, कायमची मान्यता मिळाली. ही बातमी त्या तरुणानेच मला फोनवर दिली.

"आता सगळ्या मावळात उतरतो, साहेब," तो हसून म्हणाला. "फक्त आमच्या गावात उतरत नाही. आता तर नियमच झालाय."