काडीमामांच्या दोन कॅप्सूल

काडीमामांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात काडेपेटी कायम असायची. शिरूरच्या एसटी स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये ते काउंटर सांभाळत. कुणी ताकदीच्या, लोहाच्या नाहीतर कॅल्शियमच्या कॅप्सूल मागितल्या की मामा विचारत, “वास घेऊन बघायचाय का?” गिऱ्हाईक गोंधळायचं. मग मामा एक कॅप्सूल उघडून आतली पावडर पुडीत काढत, रिकामं टोपण चिमट्यात धरत आणि खाली काडी ओढत. केस जळल्यासारखा वास आला तर टोपण जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. कागद जळल्यासारखा आला तर झाडापासून. “आता तुमचं तुम्ही ठरवा,” म्हणत ते काडी विझवत.

ही विद्या त्यांनी कुरकुंभला कमावली होती. तिथल्या एका कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं कॅप्सूल भरण्याच्या मशीनवर पाळ्या केल्या. रिकाम्या टोपणांची खोकी दोन्ही तऱ्हेची येत. दिसायला सारखी. बिहारकडच्या एका जोडीदाराने त्यांना काडीची युक्ती दाखवली. जनावराची टोपणं स्वस्त, म्हणून तीच जास्त खपत. आणि पाकिटावर तेव्हा यातलं काहीच धड लिहिलेलं नसे. मामा पाच वेळचे नमाजी, आणि ते जनावर डुक्करही असू शकत होतं. त्या दिवसापासून काडेपेटी खिशात आली ती आलीच.

दुकानाचा मालक वैतागायचा. “मामा, हे दुकान आहे का प्रयोगशाळा?” असं दिवसातून एकदा तरी म्हणायचा. तरी त्याने मामांना काढलं नाही, कारण गिऱ्हाइकं मालकाला नव्हे, मामांना विचारून औषध घेत. एक निवृत्त गुरुजी होते, कांदा-लसूणही न खाणारे. मामांच्या काडीची ख्याती ऐकून ते त्यांच्या रोजच्या पिवळ्या, पारदर्शक कॅप्सूल घेऊन आले आणि टोपण कशाचं आहे ते बघा म्हणाले. मामांनी पाकीट उलटंसुलटं करून वाचलं आणि हळूच सांगितलं, “गुरुजी, टोपणाचं मागनं बघू. आत माशाचं तेल हाय.”  गुरुजींनी पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागितलं. मामांनी गुंडाळून दिलं आणि ही गोष्ट गुरुजी असेपर्यंत कुणाला सांगितली नाही.

मी तेव्हा कोरेगाव भीमाहून शिरूरच्या कॉलेजात येत असे आणि परतीच्या एसटीची वाट बघत मामांच्या काउंटरशी रेंगाळत असे. आमच्या घरी पाटी-पेन्सिलीच्या आधी पत्रकं आली. वडिलांची एक पत्र्याची पेटी सभांच्या, संपांच्या, सत्याग्रहांच्या पत्रकांनी भरलेली होती. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. आमच्या घरात सगळं खाल्लं जातं, त्यामुळे टोपण कशाचं याने मला फरक पडत नव्हता. मला राग होता तो न सांगण्याचा. माणसाच्या तोंडात काय जातं हे माणसापासूनच लपवायचं, हा अधिकार औषध कंपन्यांना दिला कुणी? हा राग माझा आजही गेलेला नाही.

एका रात्रीत मी पत्रक लिहिलं. ‘तुमच्या तोंडात काय आहे?’ असा मथळा, पिवळा कागद. वडिलांनी छपाईचे पैसे दिले. आठवडे बाजारात मी ते हातोहात वाटलं आणि एक मामांना नेऊन दिलं. त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

“लई भारी लिवलंय,” ते म्हणाले. “आता ही वाचून माणसानं उद्या सकाळी काय घ्यायचं?”

ते माझं काम नाही, मी म्हटलं. लोकांना सत्य कळणं महत्त्वाचं. मामांनी मान हलवली, पत्रकाची घडी केली आणि काडेपेटीशेजारी खिशात ठेवली.

मामांना गिऱ्हाइकं नावाने कमी आणि तारखेने जास्त आठवत. कुणाच्या गोळ्या कधी संपणार हे त्यांच्या डोक्यात असे. महिन्याभराने मी दुकानात गेले तर ते बेचैन होते. कवठे येमाईची एक सून, सात महिन्यांची गरोदर, अंगात रक्त कमी. लोहाच्या साध्या गोळ्यांनी तिला उलट्या व्हायच्या, म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या होत्या. मामांच्या हिशोबाने त्या संपून बारा दिवस झाले, तरी कुणी न्यायला आलं नव्हतं. “रविवारी जाऊन येऊ,” मामा म्हणाले. “तू बी चल.” मी का, ते त्यांनी सांगितलं नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. सून ओट्यावर बसली होती. तिची नखं मला अजून दिसतात, कागदासारखी पांढरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. मामांनी कॅप्सूलचं विचारताच त्या आत गेल्या आणि आरशामागे खोचलेला पिवळा कागद घेऊन आल्या.

“राहिलेल्या उकिरड्यावर टाकल्या,” त्या म्हणाल्या. “माळकऱ्याच्या घरात हाडं-कातडी? ही वाचा. छापलंय.”

 मामा सांगतील की पत्रक खोटं आहे, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी तसं सांगावं, अशी त्या क्षणी माझी इच्छा होती.

“खरं हाय ते,” मामा म्हणाले. “लिवणारी ही पोरगीच. मी दिल्या तवा तुम्हाला वास दावला न्हाई, गर्दी व्हती. चूक माझी.”

मग त्यांनी पिशवीतून दोन कॅप्सूल काढल्या. एक दुकानातली नेहमीची, दुसरी पुण्याहून मुद्दाम मागवलेल्या पाकिटातली. दोन्ही टोपणं जाळून त्यांनी एकेक करून सासूबाईंच्या नाकाशी धरली. पहिल्या वासाला त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्याला थांबल्या.

“ह्यो कागदाचा वास.”

“झाडाचं हाय. औषध आत त्येच.”

सासूबाईंनी मामांच्या टोपीकडे पाहिलं. “तुमच्यात चालतं व्हय ते पयलं?”

“मला बी न्हाई चालत, आक्का. काडी सांगती जनावर का झाड. कंचं जनावर, ते काडीला बी कळत न्हाई. म्हणून तर ही पेटी बाळगतो.”

सासूबाई पहिल्यांदा हसल्या. सुनेने हात पुढे केला. मामांनी पुण्याच्या पाकिटातली आणखी एक झाडाची कॅप्सूल तिच्या तळव्यावर ठेवली आणि सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणला.

परतताना एसटीत मामा मला एका शब्दानेही रागावले नाहीत. शिरूर जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, “सांगावं जरूर. पण सांगताना दुसरा हात रिकामा नसावा.” त्या सुनेचं बाळंतपण पुढे सुखरूप झालं. मी ते पत्रक पुन्हा छापलं; तळाच्या पाव पानात कुठलं टोपण कशाचं, कुठे मागायचं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका, हे घातलं. तेव्हापासून कोणतंही पत्रक मी खालून लिहायला घेते. ते तळाचं पाव पान भरलं नाही तर मथळाही लिहीत नाही.

शेवटी मामा दौंडला मुलीकडे राहत. गेल्या वर्षी मी भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. नव्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या होत्या. मुलीने वडिलांच्या सवयीने एक उघडून टोपण जाळलं; खोलीत केस जळल्याचा वास पसरला.  पाकीट वाचून संशय आल्यावर, दुसरं काही मिळेल का, हे ती सकाळीच डॉक्टरांना विचारून आली होती. हे औषध दुसऱ्या कशातच येत नव्हतं.

“इचारलंस ना?” मामांनी डोळे न उघडता विचारलं.

“हां अब्बा. दोन दुकानांत पण विचारलं.”

“मग झालं. आण पाणी.”

त्यांनी कॅप्सूल घेतली आणि तांब्या माझ्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात ते गेले.