कंबर सोडणारे मास्तर

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याला सगळे 'सैल मास्तर' म्हणतात. कपडा घट्ट झाला अशी तक्रार त्यांच्या दुकानात तीस वर्षांत आलेली नाही. येणार कशी? गिऱ्हाईक जेवलं, बसलं, रागावून फुगलं तरी पुरेल एवढं कापड त्यांनी शिवणीत आधीच दडवलेलं असतं.

हीच मेहेरबानी त्यांनी लेकीवर केली. तेरा वर्षांची पोर दर दोन-तीन महिन्यांनी शाळेचा स्कर्ट पुढे टाकायची आणि मास्तर गप्पा मारता मारता कंबर अर्धा इंच सोडायचे. स्कर्ट कधी दाटलाच नाही, त्यामुळे पोरीचं वजन घरात कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मानेवर काळपट पट्टा उमटला, तेव्हा मास्तरीणबाईंनी तो आठवडाभर साबणाने घासला.

"आई, तो मळ नाही. माझी कातडीच आहे ती," लेक म्हणाली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा निघाला सहा पूर्णांक एक.

"अजून मधुमेह नाही, पण तो दारात उभा आहे. वजनामुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मानेवरचा पट्टा त्याचीच खूण. आत्ता मनावर घेतलंत तर परत पाठवता येईल."

"पण स्कर्ट तर मापात बसत होता," मास्तर म्हणाले.

"शिवतं कोण?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून गुपचूप खिशात घातली.

त्या दिवसापासून गोड बाटल्या घराबाहेर गेल्या, संध्याकाळचा बिस्किटांचा पुडा गेला आणि शिवलेले कपडे पोचवायला बापलेक पायी निघू लागले. चढावर मास्तरच आधी थांबायचे.

"बाबा, तुमची शिवण उसवतेय."

"गप चाल."

मास्तरांनी कंबर सोडणंही थांबवलं. महिन्याभराने लेक कुरकुरली, "स्कर्ट काचतोय."

"काचू दे. इतकी वर्षं मी त्याला बोलू दिलं नव्हतं."

सहा महिन्यांनी आकडा आला पाच पूर्णांक पाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. आता सोडू नका." मास्तर कुणालाही न सांगता मशीनवर बसले आणि स्कर्टची कंबर आत घेऊ लागले. तीस वर्षांच्या धंद्यात कुणाची कंबर आत घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ.

लेक दारात उभी होती. "सोडायची हौस असेल तर खालून सोडा, बाबा. उंची वाढलीय माझी."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि खालची दुमड उसवायला घेतली.