या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत

आत्याबाईंना आत्याबाई म्हणणाऱ्यांत खरे भाचे दोनच. बाकी सगळं गाव. भाचे लहान असताना पडद्यांच्या रॉडच्या दुकानात "आत्या, आत्या" करत कड्यांच्या डब्यात हात घालायचे. ते ऐकून गिऱ्हाइकंही आत्या म्हणू लागली. पुढे तर वयाने मोठे, टक्कल पडलेले गृहस्थसुद्धा काउंटरवर कोपर टेकून "आत्या, जरा आमच्या हॉलचं बघा ना" असं लाडात येऊन म्हणायचे.

दुकान थोरल्या भावाचं, दादांचं. दादा गल्ल्यावर बसायचे आणि आत्याबाई लोकांच्या घरी जाऊन खोल्या बघायच्या. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. दादांना खुर्ची सोडवत नसे आणि आत्याबाईंना खुर्चीत बसवत नसे, एवढंच.

घरात शिरल्यावर त्या खिडकीकडे बघतच नसत. "खिडकी कुठे पळून चाललीय?" म्हणायच्या. आधी दाराची कडी बघायच्या, कपाटाच्या मुठी, पलंगाचे पाय, दिव्याची बटणं. पलंगाचे पाय जाड, लाकूड काळपट, तर रॉडही लाकडी आणि मनगटाएवढा हवा. जुन्या दारांना काळ्या लोखंडी कड्या असतील तर तिथे चकचकीत स्टील लावणं म्हणजे गंभीर माणसांच्या बैठकीत मध्येच शिट्टी मारणं. छत बुटकं असेल तर रॉड छताला भिडवायचा आणि पडदा जमिनीपर्यंत सोडायचा, म्हणजे खोली ताठ उभी राहते. रॉडची टोकं ही कानातल्यांसारखी. लहान चेहऱ्याला झुंबरं घातली की लोक झुंबरं बघतात, चेहरा जातो.

आणि माप! माप म्हटलं की आत्याबाईंचा पारा चढायचा. जो येतो तो खिडकीचं माप खिशात घालून येतो. अरे बाबा, खिडकीएवढाच रॉड लावलास तर पडदा उघडल्यावर गोळा होऊन बसणार कुठे? काचेवरच ना? मग निम्मा उजेड पडद्याने खाल्ला! माप भिंतीचं घ्यायचं, दोन्ही बाजूंनी चांगलं वीतभर बाहेर. हे ज्याला कळत नसे त्याची त्या बिनपाण्याने हजामत करायच्या, आणि तो माणूस ओशाळून हसत पुन्हा टेप घेऊन घरी पळायचा.

एकदा एका नव्या जोडप्याचं रॉडवरून चांगलंच जुंपलं. नवऱ्याला बटण दाबून सरकणारा पडदा हवा होता, बायकोला लाकडी कड्यांचा. रॉड राहिला बाजूला, एकमेकांच्या माहेरा-सासरापर्यंत गाडी गेली. आत्याबाईंनी शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, "सकाळी पडदा कोण उघडतं?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग नवरा म्हणाला, "ही." "मग विषय संपला. जो उघडतो त्याच्या हाताला बरं वाटायला पाहिजे, आणि कानाला. रोजचा पहिला आवाज तो." लाकडी कड्या लागल्या. ते जोडपं अजून त्यांना वाढदिवसाला बोलावतं.

आता हीच बाई राहायची कुठे? भावाच्या घरी, मधल्या खोलीत. एका अंगाला हॉल, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. ज्याला पाणी प्यायचंय तो त्यांच्या अंथरुणाच्या कडेने जाणार. कुणी वाईट वागलं असं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. दादांचा बहिणीवर जीव आणि वहिनी तर ताटातलं काढून देणारी. पण मधल्या खोलीला खिडकीच नव्हती. जगाच्या खिडक्या सजवून आत्याबाई तिथे येऊन झोपायच्या, आणि यात काही चुकतंय असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. खरं तर पुष्कळ वर्षं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

पंचावन्नी उलटल्यावर मात्र त्यांनी कुणाला पत्ता लागू न देता तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. साठवलेलं सगळं त्यात घातलं. खोलीला एकच खिडकी, पण रुंद, ऐसपैस. समोर बस डेपोचं पटांगण आणि त्यामागे झाडांची रांग.

घरी सांगितलं तेव्हा दादांचा घास हातात राहिला. "अगं, तिथे एकटीला करमणार आहे का तुला?"

"बघू."

"बरं, जा. हौस फेडून घे. मधली खोली मी कुणाला देत नाही. परत येशील तेव्हा आहेच ती."

'आलीस तर' नाही. 'येशील तेव्हा'. आत्याबाईंना ते असं झोंबलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्रंक बांधली.

गेल्या खऱ्या, पण खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं ते तसंच राहिलं. गिऱ्हाइकांना त्या नेहमी बजावायच्या, "पडदा लागेपर्यंत माणूस घरात राहत नसतो, नुसता मुक्कामाला असतो." आता त्याच मुक्कामाला! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रोज दुकानातून एक नमुना न्यायच्या, खिडकीपाशी धरून बघायच्या आणि सकाळी परत आणायच्या. स्टील थंड वाटे. लाकूड शेजारणीकडून मागून आणल्यासारखं वाटे. काळं लोखंड बघून त्यांचा जीव दडपे. दुसऱ्याची खोली चहा संपेपर्यंत ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या खोलीचा स्वभाव काही सापडेना.

आणि उघड्या-बोडक्या खोलीत संध्याकाळ खायला उठते. वहिनींचा फोन यायचा, "वन्सं, आज इकडेच जेवा." मग उशीर झाला म्हणून तिकडेच झोपायचं. असं आठवड्यातून एकदा झालं, मग दोनदा, तीनदा. मधल्या खोलीतलं अंथरूण जिथल्या तिथे होतं. सकाळी चहा घेताना दादांच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं स्वच्छ दिसायचं. आत्याबाईंनाही कळत होतं. असंच चाललं तर आणखी महिन्याभरात घर कुलपात आणि आपण मधल्या खोलीत, मरेपर्यंत.

अशात एक दिवस दुकानातला मिस्त्री खांद्यावर रॉड टाकून त्यांच्या दारात उभा राहिला. भिंतींना भोकं पाडण्यात या माणसाचा जन्म गेला होता. ओठांत कायम दोन-चार स्क्रू धरलेले, त्यामुळे त्याचं बोलणं म्हणजे नुसता हुंकार. दादांनी रॉड फुकट पाठवला होता. पिवळाधमक सोनेरी, आणि दोन्ही टोकांना काचेचे अननस. असला माल दुकानात कुणी घेत नसे. पाल पडल्यासारखं दचकून गिऱ्हाईक पुढे सरकायचं.

"दादा म्हणाले, पडूनच आहे, तिला होईल," मिस्त्री स्क्रूंच्या फटीतून म्हणाला.

"परत ने," आत्याबाई कडाडल्या. "अननस खायचे असतील तर बाजारातून आणीन मी." आणि त्या रागाच्या भरात जे दोन महिने जमलं नव्हतं ते त्यांनी एका दमात उरकलं. टेप काढली, मोजलं, कागदाच्या चिठोऱ्यावर माप लिहिलं. "स्टीलचा घे. बारीक. साधा. डोळ्यात भरेल असं काही नको. उद्या येऊन ठोकून टाक."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. शिडीवर चढला, रॉड खिडकीवर धरला आणि तसाच थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रॉड खिडकीच्या चौकटीला अगदी बरोबर होता, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. मग त्याने कधी न केलेली गोष्ट केली. ओठांतले स्क्रू काढून खिशात टाकले.

"आत्याबाई, हे माप तुम्ही घेतलं?"

"मग कोण घेणार?"

"खिडकीचं घेतलंत."

आत्याबाई उठून जवळ गेल्या. बघितलं. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आयुष्यभर ज्या चुकीसाठी त्यांनी भल्याभल्यांची हजेरी घेतली, तीच चूक! शिकाऊ पोरानेही केली नसती.

"ही भिंत कुणाची?" मिस्त्रीने विचारलं. त्याला टोमणा मारायचा नव्हता. कुठे भोक पाडायचं ते तो नेहमी असंच विचारून घ्यायचा, शेजाऱ्याची भिंत असली तर भांडणं होतात म्हणून.

"माझी."

"आणि त्या बाजूची?"

"तीही माझीच," आत्याबाई म्हणाल्या, आणि मटकन ट्रंकेवर बसल्या.

मधल्या खोलीत त्या वर्षानुवर्षं अंग चोरून झोपल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागू नये म्हणून. तीच सवय टेपेत उतरली होती. हक्काच्या दोन भिंती असताना त्यांनी स्वतःसाठी बोटभरसुद्धा जागा मागितली नव्हती. त्यांना हे इतकं लख्ख कळलं की आधी रडू आलं आणि मग, मिस्त्रीचा घाबरलेला चेहरा बघून, हसू. हसता हसता डोळे पुसून त्या उभ्या राहिल्या. या खोलीत सकाळी पडदा कोण उघडतं, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं. उत्तर तर सोपं होतं. मी उघडते. मग आवडायला कुणाला पाहिजे?

"चल दुकानात," नव्याने भिंतीचं माप घेऊन त्या म्हणाल्या. "हा रॉड घेऊन चल."

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे पितळेचा एक अस्सल रॉड होता, भरीव दिसणारा, जड, कोणे एके काळी एका हॉटेलाने मागवून न नेलेला. "तो काढ."

दादा गल्ल्यावरून अर्धे उठले. "अगं, तेवढ्याशा खोलीला हा? लहान खोलीला जाड रॉड नको असं तूच सांगत असतेस ना?"

"सांगते ना. लोकांच्या खोल्या भरलेल्या असतात रे दादा. माझ्या खोलीत आहे काय? पांढऱ्या भिंती, एक खाट, एक ट्रंक. अंगावर दुसरं काहीच नसेल तर एक दागिना जड चालतो. उलट तोच शोभतो. टोकांना साध्या टोप्या लाव. आणि हा कापायचा किती माहितीय? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

दादा पुन्हा खुर्चीत टेकले. मिस्त्री मात्र कधी नव्हे ते दात दाखवून हसला.

रॉड कापला आणि दोघांनी खांद्यावर घेतला. पुढे मिस्त्री, मागे आत्याबाई, मध्ये झळझळीत पितळ. भर रस्त्यातून निघालेली ती वरात बघायला दुकानदार पायरीवर आले. पण इमारतीत पोचल्यावर रॉड जिन्यात वळेना. तिरका केला, उभा केला, पहिल्याच वळणावर तो अडून बसला. दुसरं कुणी असतं तर अर्धा करून आणला असता. आत्याबाई म्हणाल्या, "खिडकीतून घ्या." वर जाऊन त्यांनी वर्तमानपत्र टराटरा फाडलं, तावदानं उघडली आणि दोर खाली सोडला. समोरच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर जमा झाले. ज्याने जन्मात खिळा ठोकला नव्हता तोही "डावीकडे घ्या, डावीकडे!" असं ओरडू लागला. रॉड डुलत डुलत वर गेला, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत एकदा अडकला, सुटला, आणि आत्याबाईंनी त्याचं टोक दोन्ही हातांनी धरून आत ओढलं. खाली टाळ्या पडल्या. एका ड्रायव्हरने तर हॉर्न दिला.

मिस्त्रीने छताच्या जरासं खाली, मध्येही एक आधार देऊन तो बसवला, पाणसळ लावून बघितली, बुडबुडा मधोमध आल्यावरच शिडीवरून उतरला. गडद हिरवा सुती पडदा, जाड पितळी कड्या. आत्याबाईंनी पडदा हाताने बाजूला केला. कड्या खळाळत गेल्या, कापड भिंतीवर जाऊन निवांत बसलं, आणि सगळीच्या सगळी खिडकी मोकळी झाली. खोली उजेडाने भरली. त्यांनी पडदा पुन्हा ओढला, पुन्हा उघडला. किती वेळा, ते मिस्त्रीने मोजलं नाही. ओठांत स्क्रू असल्याचा त्याने आव आणला होता. त्या दिवसापासून आत्याबाई एकदाही भावाकडे झोपायला गेल्या नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी दादा आणि वहिनी आले. दादा दारातून थेट खिडकीपाशी. दुकानदाराची नजर ती, खोड सापडेपर्यंत चैन पडत नाही. आधाराला अंगठ्याने दाबून बघितलं, रॉडच्या खालून डोळा लावून बघितलं, पडदा सरकवला. कड्यांचा तो आवाज ऐकून त्यांनी हात मागे घेतला. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत पितळ सकाळच्या उन्हात नुसतं पेटलं होतं.

"सरळ बसलाय," एवढंच ते म्हणाले. मग बाहेर बघत, "म्हणजे तू आता येत नाहीस."

त्यांच्या आवाजावरून आत्याबाईंना कळलं. इतके दिवस तो चेहरा 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणत नव्हताच. बहीण खरंच गेली तर काय, याची दादांना धास्ती होती. त्या भावाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"येईन की रे. का नाही येणार? पण आता बेल वाजवून येईन."

वहिनींचे डोळे भरून आले, पण बोलताना त्या हसल्या. "आणि मी दार उघडून म्हणेन, वन्सं, बसा. इतक्या वर्षांत तुम्हाला एकदाही बसा म्हणायचं सुचलं नाही मला."

"ते पुढच्या रविवारी," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी खाटेवरची चादर हाताने सारखी केली, भावाला आणि वहिनीला खिडकीसमोर जागा करून दिली, आणि घरधनिणीच्या ऐटीत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आज तुम्ही बसा. चहा मी करते."