दगड झालेली झाडं

सिरोंच्याकडच्या जंगलातल्या एका लहान गावात सोमारी मडावी राहते. वय पन्नाशीचं. उन्हाळ्यात ती तेंदूपत्ता तोडते, पावसाळ्यात धानाची रोवणी करते. शाळेत कधी गेली नाही, पण जंगलातलं प्रत्येक झाड सालीवरून ओळखते.

तीन वर्षांपूर्वी गावच्या रस्त्यासाठी दगड हवा होता. नाल्याकाठच्या एका लांबट दगडावर मजुरांनी घण उचलले, तेव्हा सरपण घेऊन येणारी सोमारी मोळी टाकून मधे उभी राहिली.

"काऊन फोडता? हे झाड होय."

"गोटा आहे बाई तो," मुकादम चंदन हसला.

"हात लावून पाहा न. साल दिसते, गाठ दिसते. मले झाड समजत नाई का?"

चंदननं हात फिरवला आणि मजुरांना थांबवलं. त्यानं दुसरीकडचा दगड नेला आणि वनरक्षकाला कळवलं.

महिनाभरानं नागपूरहून भूगर्भशास्त्राच्या अभ्यासक दिव्यानी आल्या. दगडावर पाणी शिंपडून त्यांनी भिंगातून पाहिलं.

"सोमारीबाई, हे झाडच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात गाडलं गेलं आणि हळूहळू दगड झालं. याच्या सावलीतून डायनासोर फिरले असतील."

सोमारी बराच वेळ त्या खोडाला टेकून बसली. मग उठत म्हणाली, "असे अजून सात हायेत. चला, दाखवतो."

आता शाळांच्या सहली येतात, तेव्हा सोमारीच पुढे चालते. या हिवाळ्यात तिला आणखी एक खोड सापडलं. तिनं ते मातीनं झाकून ठेवलंय; दिव्यानी येईपर्यंत जागा कुणालाच सांगणार नाही म्हणते.