मधला माणूस

आमच्या ह्वे गावात थोआला कोण ओळखत नाही? पुलाजवळ तिचं बून बोचं, म्हणजे मांस घातलेल्या शेवयांच्या सुपाचं दुकान आहे. पुराचं पाणी गुडघ्याला लागलं तरी ही बाई चूल उंचावर चढवून सूप विकते. पोलिसाला दम देते, नवऱ्याला तर उठता-बसता. भिते ती एकाच गोष्टीला. तिघांच्या फोटोत मध्ये उभा राहतो तो लवकर मरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ऐनवेळी सासूबाई तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, तर थोआ अशी सरकली की फोटोत अर्धीच आली.

म्हणून तिची भाची वी हिनं फोटोग्राफीच्या वर्गासाठी दुकानाचा फोटो काढू का विचारलं, तेव्हा मला वाटलं, ही तिला हाकलणार. पण नंतर तो फोटो दुकानात लावायला मिळेल हे ऐकून बाई विरघळली. एकदा तरी आपण अख्खं दिसावं, हातात पळी घेऊन, असं तिला फार वाटत होतं.

वर्गाची अट अशी की सगळे आपापल्या जागी कामात हवेत. त्यात वीच्या रिळात एकच फोटो उरला होता. आणि दुकानात माणसं तीन. एका कडेला नवरा लुक मिरच्या चिरतो, दुसऱ्या कडेला नणंद दिएप शेवया उकळते आणि मध्ये सुपाच्या पातेल्यापाशी थोआ.

थोआनं नवऱ्याला मध्ये यायला सांगितलं. तो म्हणाला, मला अजून जगायचंय.

"माझ्या जिवाची कुणाला पडली आहे की नाही?" थोआनं विचारलं.

"पडली आहे ना," दिएप शेवया झाडत म्हणाली. "फक्त वहिनी, सुपाची कृती तेवढी आधी सांगून ठेव."

मी नेहमीच्या टेबलावर बसून हसत होतो. असल्या खुळ्या समजुती मी मानत नाही, असं वर मोठ्यानं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोआनं लगेच माझ्या गळ्यात एप्रन अडकवला आणि कांद्याची पात निवडायला मला तिच्या आणि दिएपच्या मध्ये उभं केलं. चौघांत मधला असा कुणी नसतोच. सगळे खूश झाले, वीनं फोटो काढला.

फोटो धुऊन आला तेव्हा थोआ बघतच राहिली. पळी उचलून हसणारी, चेहऱ्यावर वाफ, आणि अख्खी. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. लुक मात्र फोटोत कुठेच नव्हता. त्याचं म्हणणं, पडलेली मिरची उचलायला वाकलो होतो. म्हणजे राहिलो तिघं, आणि मध्ये मी.

थोआच्याही ते लक्षात आलं. तिनं फोटो पालथा घातला.

"नको लावायला, क्वीभाऊ. तुमच्या जिवापेक्षा का मोठा आहे तो?"

मी फोटो उलटून माणसं पुन्हा मोजली, तिघंच. पण तिचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवेना.

"लाव," मी म्हटलं. "मी कुठे मानतो असलं काही."

फोटो गल्ल्याच्या वर लागला. तेव्हापासून थोआ मला रोज सुपात मांसाची एक नळी जास्तीची वाढते आणि रात्री झोप लागली का, असं हळूच विचारते. मस्त लागली, असं मी सांगतो. लागत नाही.