रेघेच्या जाडीतलं घर

जिल्हा नियोजन कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर ग्रामीण घरबांधणीचा विभाग होता आणि त्या विभागात मोजपट्टी बसत. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, पण पगारपत्रकाबाहेर ते कुणी वापरत नसे. गावाच्या कडेला कुणाला घर बांधायचं असलं की अर्ज यांच्या टेबलावर यायचा. एका बाजूला धोरणाची बेचाळीस कलमं, दुसऱ्या बाजूला अर्ज आणि मधोमध मोजपट्टी. शेत वाचतंय का, रस्ता पुरतोय का, ओढा बुजतोय का. हिरवी खूण, लाल खूण. माणूस सध्या कसा राहतो, हे मात्र एकाही कलमात विचारलेलं नव्हतं आणि कलमात नसलेलं विचारणं मोजपट्टींच्या स्वभावात नव्हतं. माणूस सचोटीचा, पण सचोटीचंही अजीर्ण होतं. बायको म्हणायची, "अहो, दारात पाहुणा आला तरी तुम्ही आधी त्याचा पाय उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर ते बघता!"

निवृत्तीला आठ महिने उरले असताना एका वायरमनचा अर्ज आला. हा धान्याच्या गोदामावरच्या खोल्यांत बायको आणि म्हाताऱ्या वडिलांसोबत राहत होता. वडिलांचं कंबरेचं हाड मोडल्यापासून त्यांना तो उभा जिना उतरता येत नव्हता. गल्लीच्या टोकाला स्वतःची चौदा मीटर रुंदीची जागा होती, तिथे जमिनीलगत दोन खोल्या बांधायच्या होत्या. एक्केचाळीस हिरव्या खुणा झाल्या. बेचाळिसाव्या कलमावर घोडं अडलं: घर गावहद्दीच्या रेघेच्या आत हवं. नकाशावर बघावं तर जागा आतही नाही, बाहेरही नाही. अख्खी जागा रेघेच्या शाईखाली.

असं का, हे जगात एकट्या मोजपट्टींना ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, ती रेघ त्यांनीच काढली होती. गावाला निम्मा वळसा घालून झाला आणि बारीक पेनाचं टोक मोडलं. वरून साहेबांचा धोशा, नकाशा संध्याकाळपर्यंत हवा. मग त्यांनी पार्सलांवर पत्ते लिहायचं जाड पेन उचललं आणि उरलेली हद्द पुरी केली. नकाशावर दोन मिलिमीटर जाडी, म्हणजे जमिनीवर वीस मीटर. साहेबांनी सही केली, सरकारने शिक्का मारला आणि त्या जाड पेनाचा कायदा झाला. मोजपट्टी मूग गिळून बसले. पुढे त्यांनी स्वतःपुरती पद्धत पाडली: शाईला शिवलेलं सगळं बाहेर.

याही वेळी ते तसंच लिहिणार होते. त्याआधी जागेची पाहणी करावी लागते, म्हणून ते गेले. एरवी ही पाहणी जीपमधूनच होई. पण गोदामावरच्या खिडकीतून हाक आली, "अहो साहेब, वर या की! माझ्याच्यानं खाली येववत नाही." एवढ्या मोठ्याने बोलावल्यावर काय करणार? कठड्याला धरून, धापा टाकत ते अठरा पायऱ्या चढले.

म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसला होता. पायात बूट, नाड्या बांधलेल्या.

"कुठे निघालात?" मोजपट्टींनी विचारलं.

"कुठे जाणार? दोन वर्षं झाली, जमिनीला पाय लागला नाही. सूनबाई रोज सकाळी घालून देते. सवय मोडू नये म्हणून."

मोजपट्टींनी वाकून त्या नाड्या बघितल्या. आजवर इतके अर्ज तपासले, पण असे बूट त्यांच्यासमोर आले नव्हते.

तरी माणूस एका दिवसात बदलत नाही. त्यांनी आधी नियमाप्रमाणे पत्रं धाडली: शाई आत धरावी की बाहेर? कायदा शाखेने कानावर हात ठेवले. शाईबद्दल मत देण्याची तरतूद नाही म्हणे. नकाशा शाखेने चौथ्या महिन्यात उत्तर दिलं, "ज्याने रेघ काढली त्यालाच विचारावे." साहेब म्हणाले, "चार महिन्यांनी घरी जाताय. भिजत पडू द्या घोंगडं."

मोजपट्टींनी दुसऱ्या दिवशी दार लावून स्वतःचाच जबाब लिहिला. रेघ मी काढली. पेन जाड होतं. हद्द रेघेच्या बाहेरच्या काठापर्यंत आहे, सबब जागा गावात आहे. लिहिताना पेन्शन डोळ्यांपुढे नाचत होती. साहेबांनी कागद तीनदा वाचला, कपाळाला हात लावला आणि परवानगीवर सही केली. सोबत, मंजूर नसलेलं पेन वापरल्याबद्दल एकतीस वर्षं उशिराने नोटीसही बजावली.

परवानगीचं पत्र मोजपट्टींनी स्वतः नेऊन दिलं आणि शाईचा खुलासाही वाचून दाखवला. वायरमनने त्यांचे दोन्ही हात धरले. म्हातारा खिडकीतून ओरडला, "साहेब, आता तुम्ही पुन्हा चढू नका. मीच येतो खाली!" मोजपट्टी मोठ्याने हसले. इतकं बरं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

परत निघाले तर शेजारच्या घराच्या दारात एक बाई उभी होती. सगळं ऐकलं असावं.

"म्हणजे शाईतलं आता आत धरतात?"

"हो, बाई. चूक होती, ती सुधारली."

"बारा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचाही अर्ज होता. ही पलीकडची जागा. तुमचीच सही होती, साहेब. बाहेर म्हणून." ती रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. "लग्न ठरलं होतं त्याचं, वेगळी खोली हवी होती. मग गेला तो परदेशी. तिकडेच घर घेतलं."

"आता पुन्हा अर्ज करता येईल," मोजपट्टी घाईघाईने म्हणाले. "मी स्वतः भरून देतो. महिन्याभरात परवानगी मिळेल."

"मिळेल हो," बाई म्हणाली. "पण राहायला कोण येणार?"